पोटाला कान लावणारे डॉक्टर

उस्मानाबादेत मोटारींपेक्षा टांगे जास्त होते, तेव्हाची गोष्ट. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर बैल आला तर बसूनच बघत, पण घोडा आला की खुर्ची सोडून उठत. माझा टांगा होता, त्यामुळं त्यांच्याकडं नेहमी जाणं व्हायचं. ते घोडीचा खूर हातात घेऊन वास घेत आणि विचारत, "ओल्यात बांधता का, मियाँ?" मी खाली बघायचो.

एकदा सकाळी घोडीनं पोत्यात तोंड घालून ज्वारी खाल्ली. दुपारी ती पोटशुळानं लोळायला लागली. कशीबशी दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तिच्या पोटाला कान लावला.

"आत काहीच आवाज न्हाय," ते म्हणाले.

त्यांनी नळीनं औषध पाजलं आणि लगाम स्वतःच्या हातात घेतला. "हिला लोळू द्यायचं न्हाय. आतड्याला पीळ पडंल."

भर उन्हात ते तिला अंगणात फिरवत राहिले. मधेच थांबून कान लावत, पुन्हा चालत. घोडी हातची गेली, असंच मी धरून चाललो होतो. उन्हं कलताना त्यांनी परत कान लावला आणि हसले.

"बोलायला लागलं पोट."

थोड्या वेळानं घोडीनं भरपूर लीद टाकली. डॉक्टरांनी मला कडकडून मिठी मारली आणि शिपायाला जिलबी आणायला पिटाळलं. लिदीच्या ढिगाशेजारी उभं राहून आम्ही तिघांनी ती खाल्ली. घोडीनं मान पुढं केली, तसा डॉक्टरांनी पुडा पाठीमागं लपवला.

"तुला आज उपास, बाई."