धवला मधी तुटू द्यायचा नाय

आमच्याकडं लगीन लागतं ते धवलारणीच्या धवल्यावर, म्हंजी लग्नाच्या गान्यावर, नि आमच्या गावची धवलारीन म्हंजी शेजारची आत्या. गाताना डोळं मिटते, नि बोटं मांडीवर चालत ऱ्हातात. साधं बोलताना पन अर्धं गुनगुनते.

तिचा लेक खोपोलीच्या कारखान्यात. सायबाची लढाई सुरू झाल्यापासून पगार वाढलाय त्याचा. परवा मांडवाच्या दारातच आडवा आला. "आये, नारळ नि पसाभर तांदळासाठी किती गळा फोडशील? चल माझ्याकडं, बसून खा."

"तुझा कारखाना माझ्याबिगर चालतोय रं," आत्या म्हनली. "हितं नवरी खोळंबलीय. सर बाजूला."

त्या दिशी तिच्या जोडीला मी पैल्यांदाच बसलेली, नि धवला मधी तुटला की अपशकून, म्हनून आधीच जीव उडालेला. हळद लावताना माझ्या मांडीवरची तान्ही पोर रडाया लागली नि मी गानंच इसरले. सगळ्या बायका माझ्याकडं बघाया लागल्या. आत्यानं डोळं बी उघडलं नायत. त्याच चालीत तिनं नवी ओळ घातली, मांडवात पाहुनी आलीय, पाहुनीला भूक लागलीय, दूध पाजा गं तिला. बायकांनी हसत हसत ती ओळ उचलली. मी पोरीला पदराखाली घेतली, नि माझा आवाज सुटला तो शेवटपर्यंत.

लेक सांजच्याला एकटाच खोपोलीला गेला. आत्या मला म्हनली, "उद्या वावोशीला लगीन हाय. पोरीला पन आन गं, तिचा सूर तुझ्यापरीस वर लागतो."