विमानातलं पावणं

विमानात हात घालण्याआधी मिस्त्री बाहेरच्या पत्र्यावर बोटानं दोनदा टकटक करायचे आणि म्हणायचे, "पावणं, जरा सरा." मग थोडं थांबायचे. एसटीत शेजारचा सरकून जागा देईपर्यंत आपण थांबतो ना, तेवढंच. आणि मग वाकून कामाला लागायचे.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी फिस्सकन हसले. तुम्हीही हसला असता. आत कोणी नव्हतं. बसायला धड जागासुद्धा नव्हती, नुसता सांगाडा होता. बसायची गादी शिवायलाच तर मला बोलावलं होतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं कुशनचं दुकान आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, मोटारी, दवाखान्यातल्या खाटा, जे येईल त्याची गादी मी शिवते. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं, नवऱ्यानं कंटाळून सोडलं आणि मी हट्टानं चालवलं. पण विमानाची गादी शिवायची पाळी आमच्या घराण्यात कुणावर आली नव्हती. ती अण्णांमुळे आली.

अण्णा म्हणजे फौंड्रीवाले. आमच्याकडे माणसाच्या हातात पैसा खेळायला लागला की तो म्हशी घेतो, तालमीला देणगी देतो, नाहीतर निवडणुकीला उभा राहतो. अण्णांनी विमान घेतलं. तेही दुसऱ्या महायुद्धातलं, एकट्या माणसानं चालवायचं लढाऊ विमान. कुठल्याशा कॉलेजच्या मागे वेलींनी गुंडाळून पडलं होतं. ते ट्रेलरवर घालून उजळाईवाडीला, धावपट्टीच्या शेजारी शेड मारून आणून ठेवलं. इंजिन परदेशात दुरुस्तीला गेलं, बंगळुरूहून इंजिनिअर येऊन तपासून जायला लागले. अंगावरच्या पत्र्याचं काम मात्र मिस्त्रींकडे आलं.

मिस्त्री मूळचे मुरगूडकडचे, राहायला विमानतळाजवळच. बस आणि ट्रकांच्या चेपलेल्या बॉड्या सरळ करण्यात त्यांचं सगळं आयुष्य गेलं होतं. डोक्याला टोपी, चष्म्याला दोरी, हातात लाकडी हातोडा आणि पत्र्याखाली वाळूची पिशवी. ठोकून झालं की डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचे. माणसाला पडलेला पोचाही त्यांना असाच कळायचा. मी एकदा घरातून भांडून आले होते, तर लांबूनच म्हणाले, "वैनी, डावीकडनं चेपलायसा आज. काय झालं?" मला हसू आलं आणि भांडण तिथंच विरलं. कुणी कामाची घाई केली की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "घाई कुणाला हाय? आत बसल्यात त्यास्नी न्हाय, मग तुमास्नी कशाला?"

हे आत बसलेले कोण, ते मी गादीचं माप घ्यायला गेले त्या दिवशीच विचारलं. मिस्त्रींनी मला विमानाच्या उजव्या अंगाला नेलं. बसायच्या जागेखाली पत्र्यात अंगठा जाईल एवढं भोक होतं. कडा आत वळलेल्या.

"गोळी," ते म्हणाले. "ब्रह्मदेशाकडं लढाईत लागली. पोरगं हुतं, विशीतलं. तसल्यात बी त्यानं इमान माघारी आणलं, खाली उतरवलं. माणसं पळत आली तर पंखा थांबलेला आणि पोरगं बसल्या जागी गेलेलं."

ही हकिकत अण्णांनी कुठूनतरी शोधून काढली होती आणि येईल त्याला ते ऐकवायचे. मिस्त्रींनी मात्र ऐकल्यावर एकच विचारलं होतं, "त्येला खाली घेतला का कुणी?" अण्णा म्हणाले, घेतला असणारच, सैन्य आहे, तसाच ठेवतील काय. ते सांगून मिस्त्री मला म्हणाले, "शरीर काढलं आसंल की. पण त्येला कोण म्हणालं का, बाबा, पोचलास, आता उतर म्हणून?"

मी माप घेतलं आणि निघाले. पण टेप आत सोडताना माझ्याही तोंडून हळूच "जरा सरा" निघून गेलं, ते खोटं कशाला सांगू.

गादी मी झकास शिवली होती. आत नवा कोरा घट्ट फोम, वर जाड कॅनव्हास. बसवल्यानंतर काही दिवसांनी पट्टे जोडायला गेले तर तिला खड्डा पडलेला. तोही मधोमध नाही, डाव्या बाजूला, उजवी कूस सावरून बसलेल्या माणसाचा पडतो तसा. मी वॉचमनवर तोंड सोडलं. तो देवाशपथ सांगायला लागला की विमानात कुणी पाय ठेवलेला नाही. मी गादी काढून नेली, नवा फोम घालून आणली, स्वतःच्या हातानं बसवली आणि वरचं काचेचं झाकण ओढून अण्णांकडून कुलूप लावून घेतलं. आठवड्यानं उघडलं तर खड्डा तिथंच, तसाच. इतकी वर्षं मी गाद्या शिवते. बसल्याशिवाय खड्डा पडत नाही.

"मी काय सांगत हुतो," एवढंच मिस्त्री म्हणाले. त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. काळजी होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं पुजतात, कुणी त्यांना कामाला लावत नाही. मिस्त्रींचा हातोडा हळदीकुंकू लावून पाटावर बसला होता. विमानाच्या पंख्याला झेंडूची माळ, नाकावर कुंकवाचं बोट. बंगळुरूचे इंजिनिअर भक्तिभावानं हात जोडून उभे होते आणि एक डोळा उघडा ठेवून पाकळ्या परदेशातून दुरुस्त होऊन आलेल्या इंजिनात तर जात नाहीत ना, हे बघत होते. जेवण अण्णांच्या घरून आलं होतं, पुरणपोळी आणि कटाची आमटी. मिस्त्रींनी आधी एक ताट वाढलं, टकटक केली आणि ते आत गादीवर ठेवून झाकण ओढलं.

आमची जेवणं झाल्यावर त्यांनी ताट बाहेर काढलं. सगळं जसंच्या तसं होतं. मला हायसं वाटलं. मिस्त्रींनी प्रसाद म्हणून आमटी तोंडाला लावली आणि वाटी माझ्यापुढे धरली. मी घोट घेतला. तिला चव नव्हती. मीठ नाही, तिखट नाही, मसाला नाही. रंग आमटीचा आणि चव कोमट पाण्याची. त्याच भांड्यातली आमटी मी नुकतीच घाम पुसत ओरपली होती.

"जेवलं," मिस्त्री म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "किती वर्सांचं उपाशी हुतं, वैनी."

भर दुपार होती, बाहेर कुणीतरी स्पीकर तपासत होतं, आणि माझे पाय गार पडले होते.

विमान उडायच्या लायकीचं झालं आणि परवानग्याही आल्या, तेव्हा पुण्याहून वैमानिक आले. हवाई दलातून निवृत्त झालेले, सडपातळ, शिस्तीचे. ते आत बसले, झाकण ओढलं आणि लगेच घामाघूम होऊन बाहेर आले. "जागा अडचणीची आहे," ते म्हणाले. "कोपर हलवता येत नाही. शेजारी कोणी बसल्यासारखं वाटतं." मला रागच आला. मी पुन्हा माप घेतलं. माप बरोबर होतं.

मिस्त्री तडक अण्णांकडे गेले. "ती जागा मोकळी झाल्याबिगर कुणाला वर धाडू नका. वर गेल्यावर हात अडकला म्हंजे? एक पोरगं गेलंय त्यात. आणिक दुसऱ्याचं रगात मला बघायचं न्हाय."

अण्णांचा पारा चढला. पहिल्या उड्डाणाच्या समारंभाचा मंडप ठरला होता, पावण्यारावळ्यांना निमंत्रणं गेली होती, महामार्गावर अण्णांचे आणि विमानाचे फोटो शेजारीशेजारी लागले होते आणि खाली शुभेच्छुकांची रांग होती. ते ओरडले, "मग सांग की त्येला जा म्हणून!"

मिस्त्रींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "जेवू घातलंय, अण्णा," ते म्हणाले. "आता जा कसं म्हणू?"

आणि अण्णांचा पारा उतरला. कारण तेही कोल्हापूरचेच. जेवलेल्या पावण्याला जा म्हणायची आमच्यात रीत नाही. तो स्वतः उठेपर्यंत 'ऱ्हावा की, घाई काय हाय' असंच म्हणायचं.

समारंभाच्या आदल्या दुपारी मिस्त्री अंघोळ करून, परीटघडीचे कपडे घालून शेडमध्ये आले. मी पट्ट्यांची शिवण बघायला थांबले होते. त्यांनी टकटक केली, झाकण उघडलं. या वेळी "सरा" म्हणाले नाहीत.

"पावणं," ते म्हणाले, "पोचलासा तुमी. उतरा आता. कुठं जायाचं म्हून घोर लावून घेऊ नका. आमचं घर हाय. चला घरी."

त्यांनी हात पुढे केला. बराच वेळ काही झालं नाही. मग तो हात खांद्यापासून खाली गेला. आजारी माणूस उठताना आपल्या हातावर भार देतो, तसा. मिस्त्रींनी पाय फाकून तोल सावरला, दुसरा हात हवेत कुणाच्या तरी पाठीमागून नेला आणि पावलापावलानं ते आपल्या मोपेडपाशी गेले. बसले. मान मागे वळवून विचारलं, "बसलासा?"

मागच्या सीटची स्प्रिंग दबली. मी पुन्हा सांगते, दबली. वजन पडल्यावर स्प्रिंग किती खाली जाते हे मला विचारा.

ते गेल्यावर मी विमानात वाकून पाहिलं. गादीतला खड्डा हळूहळू भरून वर येत होता.

दुसऱ्या दिवशी विमान उडालं. हलगी कडाडली, नारळ फुटले, फेटे बांधलेली पोरं बेभान नाचली. विमान उसाच्या रानावरून गेलं, रंकाळ्यावर वळलं, गच्च्यागच्च्यांवरून लोकांनी हात हलवले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं. खाली आल्यावर वैमानिक म्हणाले, "आज कसं ऐसपैस वाटलं." अण्णांनी भाषणात मिस्त्रींचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या. पण मिस्त्री आले नव्हते. ज्यानं त्याचा पत्रा न् पत्रा हातानं घडवला, त्यानं ते उडताना पाहिलंच नाही. मी फोन केला.

"घरात पावणं हायत, कसा येऊ?" ते म्हणाले. "आवाज ऐकला की. पावण्यांनी बी ऐकला. दारात जाऊन हुबं ऱ्हायलं हुतं."

पुढे मी मधूनमधून त्यांच्या घरी जात राहिले. घराच्या पुढच्या सोप्यात दोन वेताच्या खुर्च्या. एकीवर मिस्त्री, दुसरीवर कुणी बसायचं नाही. जाईन तेव्हा ते जास्तच वाळलेले दिसायचे. काम सोडलं होतं. "त्येला झोप न्हाय," ते हळू आवाजात सांगायचे. "गाव सांगता येत न्हाय, नाव सांगता येत न्हाय. नुसतं बसतंय. एकटं कसं सोडायचं? मग मी बी बसतो." मी म्हटलं, तुमच्या तब्येतीचं काय? तर म्हणाले, "पोरगं हाय वो, वैनी."

गेल्या उन्हाळ्यात मिस्त्री गेले. बसल्या जागी, खुर्चीतच.

तेराव्यानंतर मी भेटायला गेले. त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. आईला घेऊन जायचं म्हणून त्यानं सामान बांधलं होतं, आणि काकी, म्हणजे मिस्त्रींच्या पत्नी, हलायला तयार नव्हत्या. तो रडकुंडीला आला होता. "मावशी, तुम्ही तरी सांगा," म्हणाला, आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

मी काकींजवळ बसले. मुलगा एवढं म्हणतोय, एकटीनं इथं कशाला राहायचं, असं काहीबाही बोलले. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आमचं ह्ये गेलं. पण पावणं हायत न्हवं?" त्या म्हणाल्या. "घरात पावणं बसलेलं असताना भाईरनं कुलूप कसं घालू, ताई?"

"मग तुम्ही तरी सांगा त्याला," मी म्हणाले. मिस्त्री गेल्याचा राग होता माझ्या मनात. "झालं म्हणावं आता. जा म्हणावं."

काकींनी माझ्याकडे पाहिलं, मी काही वंगाळ बोलल्यासारखं. तेवढ्यात समोरची वेताची खुर्ची करकरली. बसलेला माणूस उठायला लागला की करकरते तशी.

काकी घाईघाईनं उठल्या. "बसा, बसा," त्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. "तसं काय न्हाय. ताई चेष्टा करत्यात."

खुर्ची पुन्हा करकरली आणि थांबली. काकी माझ्याकडे न बघता आत चहा टाकायला गेल्या.