सोलरकाकांची घरपट्टीतली सूट

सोलरकाका कुणाच्याही घरी गेले की बसण्याआधी न्हाणीघरात डोकावत. सिंगापुरात टॅम्पिनीसमध्ये आम्ही फ्लॅट भाड्यानं घेतला तेव्हा वरच्या मजल्यावरून ते भेटायला आले, चिवड्याचा डबा माझ्या हातात दिला आणि तडक आत गेले. मला वाटलं, घाईची लागली असेल. बाहेर येऊन म्हणाले, "तुमचा हीटर पाणी साठवत नाही, लगेच तापवतो. बरंय." आमची ओळख झाली ती अशी. नाव त्यांचं वेगळंच होतं, पण इथल्या मराठी मंडळींत त्या नावानं त्यांना कुणी ओळखत नसे.

"विचारायला काय जातं?" हे त्यांचं पालुपद. रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत ते कॉम्प्युटर सांभाळत, पण दुपारी हॉकर सेंटरच्या खाण्याच्या टपऱ्यांवर कॉफीवाल्या चिनी अंकलची उलटतपासणी चाले. कॉफी ओतण्याआधी कपात उकळतं पाणी का फिरवता? अंकल म्हणाला, "कप कोल्ड, कोपी कोल्ड, लाह." काका चार दिवस या उत्तरावर खूश होते. त्यांच्या लेकीला मात्र चारचौघांत मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. "पप्पा, डोन्ट आस्क लाह," ती कुजबुजायची, तोवर काकांचा पुढचा प्रश्न सुटलेला असायचा.

हे गरम पाण्याचं वेड कुठून आलं ते काकूंनी मला सांगितलं. काकांचे वडील, अण्णा, गावी एकटे राहत. ऐंशी उलटली तरी पहाटे स्वतः लाकडं फोडून तांब्याचा बंब पेटवत. एकदा निखारा उडाला आणि धोतराला हातभर भोक पडलं. अण्णांनी ती गोष्ट फोनवर गंमत म्हणून सांगितली, पण काकांची झोप उडाली. पुढच्याच रजेत ते गावी गेले आणि गच्चीवर पाणी तापवायचं सोलर बसवून आले.

अण्णांनी त्या पाण्यानं अंघोळ करायचं नाव काढलं नाही. त्यांची सगळी नोकरी महापालिकेच्या घरपट्टी खात्यात झालेली. पालिकेनं मान्य केलं ते खरं, बाकी सगळं हवेतलं, असा त्यांचा खाक्या. सोलर बसवणाऱ्याला घरपट्टीत सूट मिळते असं काकांनी सांगितल्यावर ते म्हणाले, "मग मिळव. बिलात सूट आली की त्या दिवसापासून त्या पाण्यानं अंघोळ करीन. तोवर माझा बंब बरा."

आता घरपट्टीतली सूट ही काही काकांना पैशासाठी नको होती. म्हाताऱ्याला विस्तवापासून दूर करायचा तेवढा एकच रस्ता उरला होता. त्यांनी सिंगापुरातून अर्ज केला, सोलरचे फोटो जोडले. पालिकेचा माणूस एका सकाळी घरी आला, नळाखाली हात धरला आणि पाणी गार. अर्ज परत.

दुसरा कुणी चिडला असता. काकांना कुतूहलानं घेरलं. "यंत्र नवं, वर लख्ख ऊन, आणि पाणी गार? कसं काय बुवा?" रविवारी आमच्याकडे पोहे खाता खाता त्यांनी एकेकाला विचारून घेतलं. कुणी म्हणालं झाडाची सावली, कुणी म्हणालं नळ्यांत क्षार. काकांनी फोन करून अण्णांना गच्चीवर चढवलं. सावली नव्हती. दुपारी नळाला हात लावायला सांगितला, तर पाणी चटका बसेल इतकं तापलेलं. "म्हणजे दुपारी गरम आणि सकाळी गार," काका म्हणाले. "रात्रीत काहीतरी घडतं." शेवटी पालिकेकडून पुन्हा तपासणीची वेळ मागून ते स्वतःच गावी गेले.

उत्तर पहिल्याच संध्याकाळी मिळालं. दिवेलागणीला अण्णांनी सोलरचा नळ सोडला, गार पाणी येईपर्यंत बादल्यांमागून बादल्या भरल्या आणि सकाळी जास्वंदीला घालायला म्हणून निवत ठेवल्या.

"अण्णा, हे काय?"

"रोजचंच. तापवलेलं पाणी रात्रभर ठेवतात का? शिळं होतं. शिळ्या पाण्यानं अंघोळ करून मी देवाला हात लावू?"

काकांनी वाद घातला नाही. ते ओट्यावर बसले आणि विचारते झाले. दूध शिळं होतं का? होतं. विहिरीचं पाणी? काढून ठेवलं तर होतं. आणि गंगेचं? अण्णा म्हणाले, "गंगा कधी शिळी होत नाही." देव्हाऱ्यात गंगेचा तांब्याचा गडू होता, काशीहून आणलेला, झाळून बंद केलेला. अण्णांनी तो आपल्या शेवटच्या घोटासाठी राखून ठेवला होता. काकांनी गडूकडे बोट दाखवून विचारलं, "मग टाकीतच गंगा असली तर?" अण्णांनी गडूकडे पाहिलं. मग अण्णा म्हणाले, "बघ, तुला पटत असेल तर."

दुसऱ्या दिवशी काकांनी गच्चीवर जाऊन सोलरच्या टाकीच्या हवेच्या नळीला नरसाळं लावलं आणि खाली उभ्या असलेल्या अण्णांच्या देखत गडू आत रिकामा केला. टाकीतली गंगा ओतून द्यायची म्हणजे पाप, म्हणून संध्याकाळच्या बादल्या त्या दिवसापासून बंद झाल्या. पालिकेचा माणूस आला, त्यानं हात धरला आणि झटकन मागे घेतला. त्या वर्षीच्या बिलात सूट आली. ते बिल अण्णांनी सगळ्या आळीला दाखवलं. बंबात माती भरून त्यांनी तुळस लावली. हे सांगताना काका इतके हसत होते की काकूंना चहा दोनदा गरम करावा लागला.

दोन वर्षांनी अण्णा गेले. काका वेळेवर पोहोचले होते. तिकडून त्यांनी फोन केला आणि सांगत राहिले. शेवटचा श्वास लागल्यावर कुणीतरी गंगा मागितली. घरात गंगा नव्हतीच. शेजारी धावत जाऊन आपला गडू घेऊन आले. काकांनी त्यांना हात जोडले आणि वाटी घेऊन न्हाणीघरात सोलरच्या नळाशी गेले.

"भर उन्हाची वेळ गं," काका म्हणाले. "पाणी इतकं तापलेलं, की तोंडात कसं घालणार? उशाशी बसून वाटीवर फुंकर घालत राहिलो. लहानपणी ते माझ्या दुधावर घालायचे तशी. कोमट झालं, तेव्हा दिलं. दोन चमचे घेतले अण्णांनी."