पिवळं दिसू नये म्हणून

सलीमचाचा जीव लावून काळी मुसळी वाढवायचे आणि तिला फूल आलं की खुडून टाकायचे. परसातली नव्हे, ती फुलू द्यायचे. घाटातल्या उतारावर स्वतः नेऊन लावलेल्या रोपांची फुलं तेवढी खुडायचे.

चिखलीत त्यांचं घर आमच्या घराला लागून. ज्या जडीबुटीच्या दुकानात ते मुसळीचे औषधी कंद विकायचे, ते त्यांनी कधीच बंद केलं होतं. परसात करंजाच्या सावलीला पालापाचोळा पसरून एक वाफा केला होता. डोळा असलेला कंदाचा तुकडा त्यात आडवा ठेवून वर हलकी माती लोटायचे. पावसाळ्यात लांबट, घड्या पडलेली पानं निघत आणि त्यांच्या बुडाशी, मातीला अगदी टेकून, पिवळं चांदणीसारखं फूल. पानाचं टोक वाकून मातीला लागलं की तिथंही नवं रोप धरतं. त्या टोकावर चाचा खडा ठेवत. "हललं नाई पाह्यजे," म्हणत, "लेकरू हाय ते."

मी पत्रकांवर वाढलेली. बाबा मोर्च्यांतून आणायचे त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. पुढे स्वतःच पत्रकं लिहू लागले. जंगल हे त्यात पोट भरणाऱ्यांचं, हे माझं आवडतं वाक्य. चाचांवरही एक लिहिलं, 'जंगलाचा राखणदार', आणि त्यांना वाचून दाखवलं.

"राखणदार खोड," ते म्हणाले. "चोर लिही."

मग त्यांनी सांगितलं. गवतात मुसळी ओळखू येत नाही, फूल आलं तरच सापडते. जंगलातून दुकानात माल आणणाऱ्या बायांना त्यांनीच शिकवलं होतं, पिवळं दिसलं की खोदा. बी धरायच्या आत झाड पोत्यात जायचं. "एका साली बाया रिकामं पोतं घेऊन आल्या. म्या त्यायलेच कामचोर म्हणलं. मंग सोता गेलो पाहाले. साऱ्या उतारावर एक फूल नाई."

मी लगेच त्यांची वकिली सुरू केली. मोठे व्यापारी, औषध कंपन्या, शहरातली गिऱ्हाइकं. "चाचा, हा व्यवस्थेचा दोष आहे."

"असंल बेटा. पन तोलाचा काटा माह्या हातात होता."

दर पावसाळ्यात ओल्या गोणपाटात रोपं गुंडाळून ते एसटीनं घाटात जायचे. मीही जाऊ लागले. आधी लावलेल्या रोपांपाशी ते गुडघे टेकत, फूल तोडत, खिशात घालत. खाली पडलेलं फूलही मागं ठेवत नसत. तोडताना दर वेळी पुटपुटत, "माफ कर मा."

"बायांना समजावून का नाही सांगत?" मी एकदा चिडून विचारलं.

"कोन्या तोंडानं सांगू? मीच शिकोलं ना त्यायले. अन् त्यायची चूल काय तुह्या पत्रकावर पेटते?"

मला तेव्हा रागच आला होता.

चाचा मागच्या उन्हाळ्यात गेले. वाफ्याला पाणी मी घालत होते. पावसाळ्यात एकटीच उतारावर गेले, तर गवतात जागोजागी पिवळं दिसत होतं. खुडायला कुणी आलंच नव्हतं. एकेक फूल तोडत जाणाऱ्या चाचांना इतकं पिवळं एकदम कधी दिसलंच नसणार. बघत उभी होते, तेवढ्यात खालून बांगड्यांचा आवाज आला. एक बाई वर येत होती. खांद्यावर रिकामं पोतं, हातात कुदळ.

मी गुडघ्यांवर बसले आणि भराभर फुलं तोडू लागले.

"काय तोडून राह्यली वं पोरी?"

"काही नाही, मावशी. गवत."

"गवताले इतकं लांब आली?" ती हसली. पायानं गवत बाजूला सारत माझ्या शेजारून वर गेली. माझी सगळी पत्रकं तिच्यासाठी लिहिलेली होती. ती वळणाआड जाईपर्यंत मी मूठ उघडली नाही.