सहावा तडाखा

इस्त्रीवाली बाई मोजूनमापून वागणारी; शब्दाने शब्द वाढवणं तिला ठाऊकच नव्हतं. नवरा सुतार. हात सोन्याचे, पण डोकं कधी फिरेल याचा नेम नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. घरी येऊन मारायचा. मात्र त्याला दमा होता. चार-पाच तडाखे हाणले की छातीतून शिट्ट्या वाजू लागायच्या आणि तो भिंतीला टेकून बसायचा. मग तीच ओठावरचं रक्त पुसत त्याचा पंप शोधून द्यायची. बारा वर्षं तिने असंच निभावलं. पाचपर्यंत दात आवळायचे, बस.

एकदा रंधा मारता मारता तो भुशातच कोसळला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नवा पंप दिला, एकात दोन औषधं असलेला.

"एक सूज उतरवतं, दुसरं श्वासनळ्या मोकळ्या ठेवतं. बरं वाटलं तरी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन झुरके, आणि नंतर चूळ. एकही वेळ चुकवायची नाही."

"त्यांच्या लक्षात राहायचं नाही," ती म्हणाली. "मी देईन."

तिने दिला. तिसऱ्या आठवड्यात शिट्ट्या बंद झाल्या. तो गुणगुणत जिना चढू लागला. "नवरा टवटवीत झाला की गं तुझा, दृष्ट काढ," शेजारीण म्हणाली. ऐकून तीही हरखली.

त्या रविवारी तिच्या हातून त्याच्या शर्टाची कॉलर करपली. पाच तडाखे झाले. सवयीने तिने चेहऱ्यावरचे हात खाली घेतले. सहावा कानशिलात बसला. सातव्याला दात हलला. त्याला दम लागतच नव्हता. केस धरून त्याने तिचं डोकं टेबलावर आपटलं, तेव्हा तिच्या हाताला गरम इस्त्री लागली. तिने ती त्याच्या उजव्या मनगटावर दाबली, कातडी चरचरेपर्यंत.

तो ओरडत खाली बसला. "नवऱ्याला भाजतेस?"

ती मोरीत रक्त थुंकली आणि पिशवी भरू लागली. थोरल्या बहिणीचं घर तीन गल्ल्यांपलीकडे होतं.

निघताना तिने पंप त्याच्या पुढ्यात ठेवला. "संध्याकाळची वेळ झाली. आधी हलवा. श्वास सोडा. मग दाबत सावकाश ओढा, आणि दहा आकडे रोखून धरा."

उजव्या हाताने त्याला दाबता येईना. तो तिच्याकडे बघत राहिला. तिने पंप त्याच्या डाव्या हातात दिला, बोटं जागेवर बसवली आणि एकदा, दोनदा दाबायला लावलं.

"उद्यापासून तुमचं तुम्ही. आता चूळ भरा."

आत नळ सुटल्याचा आवाज आला, तोवर ती दोन जिने उतरली होती.