जूनमधला तीळगूळ

तीळ भाजल्याचा वास आला की मला संक्रांत नाही, कर्वेनगरमधला एक जून महिना आठवतो. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये हैदराबादहून आयटीतलं एक कुटुंब राहायला आलं होतं. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती. एका संध्याकाळी तिची आई तिळाचे लाडू घेऊन दारात आली आणि बाबांच्या देखतच हसत म्हणाली, "बेटी बड़ी हो गई. संडे को फंक्शन है." मुलीला पहिली पाळी आली की त्यांच्याकडे तिळाचे लाडू वाटतात आणि समारंभ करतात. बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. माझी पाळी दिवाळीतच सुरू झाली होती, तेव्हा आईने दबक्या आवाजात बजावलं होतं, "बाबांना यातलं काही कळता कामा नये." रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये माझी मैत्रीण हळद लावून, फुलं माळून नवरीसारखी बसली होती. बायका तिला ओवाळत होत्या आणि तिचे वडील चक्क फोटो काढत होते. मी तिच्या कानाशी लागले, "तुला लाज नाही वाटत?" "वाटते ना," ती म्हणाली, "पण सगळे माझ्यासाठीच आलेत." दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर घरभर तिळाचा खमंग वास. "आज संक्रांत आहे का?" मी विचारलं. "असू दे की," म्हणत आईने पहिला लाडू माझ्या हातावर ठेवला. बाबांनी पेपर खाली केला, आपल्या ताटलीतला लाडू माझ्यापुढे सरकवला आणि पेपर पुन्हा वर धरला. त्यांना केव्हापासून ठाऊक होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.