रिबकामावशी आणि मोरीतले मणी

वाटूर फाट्यावर माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवर बसणाऱ्या बाईला गावाची बित्तंबातमी न विचारता मिळते. कोण किती पाण्यात आहे ते दळण होईपर्यंत कळतं, आणि मग माणसांबद्दल फारसा आदर उरत नाही. आमचे हे, सोमेश्वरराव, म्हणतात की गिरणीच्या दगडाला अधूनमधून टाकीनं धार लावावी लागते, दैवशालाच्या जिभेला कधीच लागत नाही. म्हणजे मी कुणाला चटकन थोर म्हणणारी बाई नव्हे. तरीही रिबका पारखे या बाईबद्दल सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

रिबकामावशी भोकरदनकडच्या एका खेड्यातली, जन्मानं ख्रिस्ती. तरुणपणी एका मिशनच्या दवाखान्यात आया होती. लग्न होऊन वाटूरला आली. नवरा कचरू हमाली करायचा. एकदा पोत्यांची थप्पी अंगावर कोसळली आणि तो कमरेखाली लुळा पडला तो कायमचाच. मावशीनं त्याचं सगळं अंथरुणातच केलं. कचरू गेला तेव्हा त्याला आंघोळ घालायला आलेल्या माणसांनी सांगितलं की इतकी वर्षं पडून असलेल्या माणसाच्या पाठीवर एक जखम नव्हती. नवऱ्याची माती झाली आणि थोड्याच दिवसांत ती गावातल्या खैरुनबीच्या घरी न बोलावता गेली. खैरुनबीची आई अंथरुणाला खिळली होती. तिथून पुढं ज्या घरात कुणी पडून असेल तिथं मावशी, असं ठरूनच गेलं. पैसा घेत नाही, दळण फुकट दळून देते म्हटलं तर रुसते. चहा घेते, तोही अर्धा कप.

माझ्या सासूबाई सगुणाबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मावशी आमच्याही दारात उभी राहिली. आमच्या ह्यांनी मला बाजूला घेऊन बजावलं की ही धर्माचं काही बोलायला लागली तर लगेच सांग. मी लक्ष ठेवलं. धर्माचं सोडा, मावशी हवापाण्याचंही बोलत नव्हती. बोलायची ती फक्त आत्याबाईंशी. हात लावण्याआधी काय करणार ते सांगायची. "आक्का, आता कूस बदलते बरं का." "आक्का, पाणी जरा गरम हाय." आत्याबाईंना कळो न कळो, सांगितल्याशिवाय बोट लावायची नाही. अंथरूण ताणून घ्यायची, कारण चादरीची सुरकुती म्हणजे उद्याची जखम, हा तिचा कायदा.

आत्याबाई माळकरी. सोवळं कडक. पहिल्याच दिवशी मावशीनं आंघोळ घालून चमच्यानं पाणी पुढं केलं आणि आत्याबाईंनी तोंड फिरवलं. बोलणं जड झालं होतं, पण त्या फिरवलेल्या मानेचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळला असता. मावशीनं गुमान पेला माझ्याकडं दिला. त्या दिवसापासून धुणं-पुसणं सगळं ती करायची आणि पाणी द्यायची वेळ आली की मला गिरणीवरून हाक मारायची.

माझं डोकं फिरलं. जी बाई तुमची घाण काढते तिच्या हातचं पाणी तुम्हाला चालत नाही, असं मी आत्याबाईंना तोंडावर म्हणाले. मावशीनं मला ओसरीवर आणलं. तिला रागावलेलं मी तेवढ्याच वेळी पाहिलं.

"त्यांचा हात गेला, पाय गेला, जबान गेली," ती म्हणाली. "न्हाई म्हणायचं तेवढं उरलंय. ते तर त्यांच्याकडं राहू दे, बाई."

मी आत जाऊन आत्याबाईंना पाणी पाजलं. 

वैशाखात ती गोष्ट घडली. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की उन्हाळ्यात पाणी चुकवू नका, मूत्रपिंडावर येईल. त्या सकाळी मावशी मोरीजवळ बसवून आत्याबाईंची पाठ धूत होती आणि गळ्यातल्या तुळशीच्या माळेचा जुना दोरा तुटला. मणी घरंगळले. काही घंगाळात, काही मळक्या चादरीत आणि काही वाहत्या पाण्याबरोबर मोरीच्या नाळीतून थेट बाहेर गटारात.

माळकऱ्यांचा नेम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माळ तुटली की ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. आत्याबाईंनी ओठ मिटले ते मिटलेच. मी पेला नेला, मान फिरवली. मी स्वतःला फार हुशार समजते ना, म्हणून शेजारून एक माळ मागून आणली आणि गळ्यात घातली. आत्याबाईंनी डाव्या हातानं एकेक मणी चाचपला आणि ती ओढून फेकून दिली. त्यांची माळ त्यांच्या गुरूंनी घातलेली होती. दुसरी चालणार नव्हती. ऊन चढत चाललं. ओठ फुटायला लागले, डोळे ओढल्यासारखे झाले. आता ही बाई आपल्या डोळ्यांदेखत तहानेनं जाते की काय, असं मला वाटायला लागलं.

मी मोरीकडं गेले तर मावशी तिथं नव्हती. भिंतीमागं गटाराच्या कडेला पदर खोचून ती उकिडवी बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या चिखलात. सबंध आळीचं सांडपाणी तिथून जातं. मी नाकाला पदर लावला. ती ओंजळीनं चिखल काढत होती, बोटांनी चाळत होती, आणि मणी सापडला की पितळीतल्या स्वच्छ पाण्यात टाकत होती. मळकी चादर बाजूला पडली होती. तीही तिनं आधी अशीच चाचपलेली.

मी म्हणाले, जेवढे मिळालेत तेवढे ओवू, आत्याबाईंना काय कळतंय.

"त्यांना कळंल," ती म्हणाली. "अन् न्हाई कळलं तरी आपल्याला ठावं हाय ना."

मग मी जे मनात होतं ते विचारलंच. म्हटलं, मावशी, तुमचा तर या माळेवर विश्वास न्हाई. मंग एवढं कशाला?

ती चिखलातून हात न काढता म्हणाली, "माझा न्हाई. त्यांचा हाय. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले. मी कोण मोठी लागून गेले, बाई? तेवढी चाळणी दे."

मी गिरणीतली पिठाची चाळणी आणून दिली. आणि मग, खरं सांगते, मीही खाली बसले.

शेवटचा, एकशे आठावा मणी सापडला तेव्हा उन्हं कलली होती. मावशीनं हात चोळचोळून धुतले. मणी राखेनं घासले, पाण्यातून काढले आणि नव्या दोऱ्यात ओवायला मला दिले. स्वतः ओवली नाही. माळ मीच गळ्यात घातली. आत्याबाईंनी डाव्या हातानं मणी चाचपले. खूप वेळ चाचपले. मावशी उंबऱ्यातच उभी होती, तिचे ओठ हलत होते. प्रार्थना करत असावी.

मग आत्याबाईंनी माझ्या हातून पाणी घेतलं. एक चमचा, दुसरा, मग पेलाभर. मावशी तिथंच भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. "पिल्या गं बाई, पिल्या," एवढंच म्हणत होती. जिच्या हातचं पाणी त्या बाईनं कधी घेतलं नाही, ती त्या बाईच्या घशाखाली पाणी उतरलं म्हणून रडत होती. मी देवळात पुष्कळ वेळा हात जोडलेत. पण अंगावर असा काटा तिथं कधी आला नाही.

आत्याबाई त्यानंतर दिवाळीपर्यंत होत्या. मावशीचा हात धरून झोपायच्या, तिला यायला उशीर झाला तर दाराकडं बघत राहायच्या. पाणी मात्र शेवटपर्यंत माझ्याच हातून.

त्यांची घटका भरत आली तेव्हा सगळे भोवती जमले होते. शुद्ध हरपली होती. शेवटचं पाणी तोंडात घालायची वेळ आली. मी तुळशीपत्र घातलेला पेला उचलला आणि मनात आलं की या पाण्यावर खरा हक्क कुणाचा आहे. मी पेला मावशीपुढं धरला. सोमेश्वररावही म्हणाले, "मावशी, तुमीच पाजा." कुणाचीच हरकत नव्हती.

मावशीनं आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहिलं.

"आता त्यांना न्हाई म्हणता येत न्हाई," ती म्हणाली. "मंग मी कशी पाजू?"

तिनं माझा हात पेल्यासकट आत्याबाईंच्या ओठांकडं वळवला. मग खाली वाकून म्हणाली, "आक्का, मान जरा वर घेते बरं का." आणि तिनं आत्याबाईंचं डोकं उचलून आपल्या हातावर घेतलं, म्हणजे मला पाणी पाजता यावं.